गालातला हिरा

नांदुऱ्याच्या सराफ गल्लीत नजीर पटवेकरी बसतो. पटवेकऱ्याचं काम म्हणजे सोनाराने घडवलेले मणी दोऱ्यात ओवायचे, गाठी मारायच्या, गोंडा लावून पोत तयार करायची. या कामाला हात लागतात तीन आणि माणसाला असतात दोन. म्हणून दोऱ्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला आणि मणी गालात. चाळीस वर्षं नजीरच्या डाव्या गालात कोणाचे ना कोणाचे मणी आहेत. बायको गेल्यावर पोरगी नाजिश हाताखाली बसू लागली, आता कामाच्या वेळी तिचाही गाल फुगलेला असतो. गिऱ्हाइकाला किळस येऊ नये म्हणून पोत शेवटी लिंबाच्या पाण्यातून काढून देतात. गिऱ्हाईक विचारत नाही आणि हे सांगत नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात धामणगाव बढ्याचे कारभारी मोटारसायकलवरून आले.

"आईची पोत गाठाची होती, नजीरभाई. घरी येऊनच करा लागन. राजाचा हिरा हाय त्याच्यात."

त्या घरात राजाचा हिरा आहे, हे मोताळा तालुक्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पाहिलेला माणूस मात्र भेटत नव्हता. मोलाची पोत घराबाहेर जाऊ द्यायची नाही, पटवेकऱ्याने मालकाच्या डोळ्यांसमोर बसून गाठायची, हा जुना रिवाज. त्यामुळे बोलावण्यात वावगं काही नव्हतं.

"हिऱ्याले वेज हाय काय पण?" नजीरने विचारलं. हिऱ्याला भोक पाडलेलं त्याने जन्मात बघितलं नव्हतं.

"हाव. पहिल्या राजानंच पाडून घेतलं म्हन्तात."

झालं. नजीर हावरट नव्हता, पण हातातल्या कसबाचा त्याला फार गर्व. राजाचा हिरा आपल्या हातून ओवला जाणार म्हणताच गडी जेवणाचा डबा न घेताच मोटारसायकलवर मागे बसला.

घर चांगलं होतं. स्लॅबचं, बाहेर ट्रॅक्टर, आत कूलर. भरदुपारची वेळ, अंगणात ऊन रखरखत होतं. नजीरने उंबरा ओलांडला आणि त्याला वास आला. सकाळी उठल्यावर आपल्याच तोंडाला येतो ना, तो वास. न धुतलेल्या तोंडाचा. पण तो घरभर होता, पडद्यांना होता, पाण्याच्या पेल्याला होता. फरशीवर फिनेल ओतलं होतं, त्याने तो नुसता गोडसर झाला होता.

आतल्या खाटेवर कारभाऱ्यांची आई, तानुबाई, पडली होती. हाडं आणि कातडं. तोंड उघडं, इतकं की जबडा गळ्यावर टेकलेला. जीभ काळी पडून वळलेली, हिरड्यांवर पांढरी बुरशी आणि ओठांवर माश्या. माश्या आत जात, फिरून बाहेर येत. नजीरने तोंडाला रुमाल लावला.

"अकरा महिने झाले," कारभारी हळू आवाजात म्हणाले. "अन्न नाही, पानी नाही. डॉक्टरनं हात टेकले. जीव जाऊन नाही राह्यला..."

कारभाऱ्यांची बायको वंदना हिरा घेऊन आली. वाटीत पाणी, पाण्यात हिरा. बोरापेक्षा जरा मोठा, पिवळट, आरपार वेज पाडलेला. नजीरने तो धोतराच्या स्वच्छ फडक्याने पुसला. पुन्हा ओला. पुन्हा पुसला. पुन्हा ओला, आणि बोटांना बुळबुळीत. मग जुन्या सवयीने त्याने हिऱ्यावर फुंकर घातली. खऱ्या हिऱ्यावर तोंडाची वाफ टिकत नाही. वाफ धरली आणि लगेच गेली. हिरा खराच होता. नजीर खूश होऊन फडकं ठेवतो न ठेवतो, तोच हिऱ्यावर आपोआप वाफ धरली. गेली. पुन्हा धरली.

कूलरची दमट हवा, असं त्याने स्वतःला समजावलं. अंगठ्याला दोरा अडकवला आणि कामाला लागला.

नजीर सोन्याचे मणी ओवत होता आणि कारभारी समोर बसून हिऱ्याची कुळकथा सांगत होते. पहिला धनी एक राजा. किल्ला पडला तेव्हा तो हिरा गालात दडवून पळाला. शिपायांनी गाठलं, मारलं, पण दातखीळ सुटेना. एका शिपायाने कट्यारीने जबडा फाकवून हिरा काढला आणि दुसऱ्यांनी हिसकावू नये म्हणून तसाच, रक्त-लाळेसकट, आपल्या गालात टाकला. तो शिपाई पुढे सरदार झाला. त्याच्या तोंडातून त्याच्या बायकोने घेतला. तिच्याकडून तिच्या भावाने. भावाकडून एका सावकाराने, आणि त्या सावकाराकडून कारभाऱ्यांच्या पणज्याने. तिथून तो घरातच उतरत तानुबाईपर्यंत आला.

"आन् सगळ्याइनं तोंडातूनच?" नजीरला शिसारी आली.

"तोंडातूनच," कारभारी म्हणाले.

एवढ्या लोकांनी एकमेकांची थुंकी चाटली आणि त्याला म्हणायचं राजघराण्याचा ठेवा! नजीरला मनातून हसूही आलं. सोन्याचे मणी संपले. आता मधली गाठ. ती गाठ अवघड असते. दोन पदर दोन हातांत ताणून धरावे लागतात, सैल सोडले की सगळी पोत घरंगळते. आणि हिरा तर हाताशी लागणार. नजीरचं लक्ष गाठीवर होतं. त्याने वाटीतून हिरा उचलला आणि चाळीस वर्षं करत आला तेच केलं. हिरा डाव्या गालात टाकला आणि दोन्ही हातांनी पदर ताणले.

वंदनाच्या तोंडून हुंदका फुटला.

नजीरने मान वर केली. खाटेवर तानुबाईचा जबडा हलला. अकरा महिने उघडं असलेलं तोंड सावकाश, एखादं दार लोटावं तसं, मिटलं. छाती एकदा वर आली, खाली गेली आणि थांबली.

आणि मग नजीरच्या जिभेला चव कळली. आधी तंबाखू. मग सडकी दाढ, गंजलेलं लोखंड, शिळं दूध, कोणाचा तरी कफ. एका तोंडाची चव नव्हती ती, अनेक तोंडांची होती, आणि सगळी कोमट. तो भिंतीशी धावला, हिरा थुंकून भडाभडा ओकला. ओकून ओकून पित्त पडलं, तरी चव हटेना.

कारभाऱ्यांनी त्याचे पाय धरले.

"माफ करा नजीरभाई... जबरदस्तीनं होत नाही ते. ज्यानं त्यानं आपल्या मनानंच तोंडात घ्या लागते. तवाच आधीचा मालक सुटते. आमच्यातलं कोनी तयार नव्हतं. मंग ते आपलं आपनच नवं तोंड शोधाले लागलं... मागच्या महिन्यात माह्या छकुलीच्या दुधाच्या वाटीत निघालं. सात वर्साची पोर हाय हो... चोखनारच होती. तिले मावशीकडे वरवट बकालले धाडलं. तुम्ही लोकं मनी गालात ठेवता, हे मले मालूम होतं..."

"माह्याही घरी पोरगी हाय, कारभारी," नजीर म्हणाला.

कारभाऱ्यांनी पाय सोडले नाहीत. नजीरने ते झटकले. हिरा तिथेच, ओकारीत पडलेला टाकून तो पायी एसटी थांब्यावर आला. त्याला हिऱ्यापेक्षा त्या घराची जास्त किळस आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा हिरा त्याच्या गालात होता.

विहिरीत टाकला. सकाळी गालात. रेल्वेच्या रुळांवर ठेवला, वरून मालगाडी गेली. सकाळी गालात. त्यानंतर त्याने नाद सोडला आणि एकच गोष्ट धरून बसला: नाजिशच्या तोंडात हा जाऊ द्यायचा नाही. दुकान बंद केलं. घरातला एकूण एक मणी सोनाराला परत केला. आपलं ताट, आपला पेला वेगळा केला, आपण घासून आपण उचलू लागला. पोरगी रडली, "अब्बा, हमसे क्या गलती हुई?" त्याने ओठ मिटून नुसती मान हलवली. आताशा तो बोलतच नसे. घास घेतला की कोणी तरी आधी चावून थुंकलेला वाटे. पाण्याला लाळेची तार येई. चाळीस दिवसांत अंगावरचं मांस झडलं, पण जीव काही कमजोर होईना. उलट आपण मरणार नाही, हेच त्याला रोज जास्त कळत होतं.

एकेचाळिसाव्या सकाळी त्याचं तोंड मोकळं होतं.

आधी त्याला खरं वाटेना. जीभ डाव्या गालात फिरवली, उजव्या गालात फिरवली. काही नाही. आणि दुसऱ्याच क्षणी त्याला नाजिश आठवली. तो धावत स्वयंपाकघरात गेला, चहा गाळणाऱ्या नाजिशचा जबडा हाताने धरला.

"मुंह खोल!"

घाबरलेल्या पोरीने तोंड उघडलं. दात, जीभ, पडजीभ. बोट घालून त्याने दोन्ही गाल चाचपले. काही नव्हतं. नजीर मटकन खाली बसला आणि हसायला लागला, रडायला लागला. नाजिशने त्याच्यापुढे कप ठेवला. त्याने घोट घेतला. आलं. साखर. दूध. चहाला चहाची चव होती!

फोन वाजला. कारभारी होते. बोलणं धड कळत नव्हतं.

"नजीरभाई... छकुली. कालच घरी आनली हो तिले, आता काय भेव म्हून. सकाळी पाहातो तं गाल फुगलेला. गोळी हाय म्हनली, आता ओठ उघडत नाही... लय वास येऊन राह्यला, नजीरभाई. तुम्ही या. तुम्ही मनानं घेतलं तं येईल ते तुमच्याकडे, एकदा आलं हाय. पाया पडतो... लेकरू हाय."

कारभाऱ्यांच्या रडण्यामागून फोनमध्ये चोखण्याचा आवाज येत होता. चुट्, चुट्, ओला, समाधानी.

नजीरने समोर बघितलं. नाजिश ओढणीने गाल पुसत होती. जायला हवं, हे त्याला कळत होतं. सकाळची एसटी सुटायला अजून वेळ होता. कारभाऱ्याने केलं ते आणि आपण आता करतो आहोत ते, यात काडीचा फरक नाही, हेही कळत होतं, आणि त्याला स्वतःचा उबग आला. त्याने फोन बंद केला, बॅटरी काढून फळीवर ठेवली आणि उरलेला चहा शेवटच्या थेंबापर्यंत प्याला.

घर शांत झालं होतं. तरी चोखण्याचा आवाज येतच होता. चुट्, चुट्. फळीवरून नाही, बाहेरूनही नाही. नाजिशला तो ऐकू येत नसावा.

नजीरने रिकामा कप पुढे केला.

"और है क्या, बेटा?" तो म्हणाला.