मिस्त्री माशाची वाळू

“हलू नकोस रे स्वानंद! तू हललास की तो खडकामागे पळतो!” आम्रपाली दबक्या आवाजात ओरडली.

“मी कधीचा श्वाससुद्धा घेतला नाहीये!”

“घे, घे! नाहीतर तुलाही टाकीत सोडावं लागेल,” त्याची धाकटी बहीण सुखदा म्हणाली.

पिंपळे सौदागरमधल्या एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर तिघं नाक चिकटवून बसले होते. स्वानंद आणि सुखदा याच सोसायटीतले. आम्रपाली यायची काळेवाडीहून, तिच्या मोठ्या बहिणीच्या, साक्षीताईच्या स्कूटरवर मागे बसून. ही टाकी साक्षीताईनेच उभी केली होती. खडक, त्यांवर वाढणारे रंगीत प्रवाळ, मासे, सगळं तिच्या हातचं! दर सोमवारी आणि शुक्रवारी ती टाकीची देखभाल करायला यायची. दिवाळीच्या सुट्टीत आम्रपालीही तिच्यासोबत येऊ लागली आणि तिघांची गट्टी जमली.

टाकीत त्यांचा सगळ्यात लाडका होता एक गोबी मासा. पांढरा, बोटभर लांब, पिवळ्या डोक्याचा. तळातली वाळू तोंडात भरायची, वर पोहत जायचं, खाण्याजोगं काही असेल ते गिळायचं आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सोडून द्यायची, हाच त्याचा दिवसभराचा उद्योग. बांधकामावर वाळू चाळतात तशी तो चाळायचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव ठेवलं होतं मिस्त्री!

पण आज मिस्त्रीकडे बघून कोणाला फारसं हसू येत नव्हतं. सकाळी आणखी एक मासा मेलेला सापडला होता. सलग चौथ्या शुक्रवारी!

सोसायटीचे सेक्रेटरी दत्तोबाकाका मघाशीच येऊन बोलून गेले होते. “पोरी, तुला जमत न्हाई असं दिसतंय. फुडच्या रविवारी मीटिंग हाय. टाकी काढून टाकायचा इषय मांडतो मी.”

साक्षीताई आत बादली धूत होती, जरुरीपेक्षा जास्त वेळ. आम्रपालीला ते बघवत नव्हतं. आपल्या ताईइतकी माशांची काळजी घेणारं अख्ख्या पिंपरी-चिंचवडमध्ये कुणी नाही, अशी तिची खात्री होती.

“ए, हे बघा!” ती एकदम म्हणाली. “या प्रवाळावर वाळूचा ढीग आहे.”

“मिस्त्रीने टाकला असेल,” स्वानंद म्हणाला.

“कसा टाकेल? आता बघ!”

मिस्त्री तोंड भरून वर गेला. कल्ल्यांतून वाळू सुटली, पंपाच्या प्रवाहात डावीकडे वाहत गेली आणि पार कोपऱ्यात जाऊन पडली. तिथे रोजचा ढीग होताच.

“सगळी वाळू डावीकडे जाते. मग ही सरळ खाली कशी पडली?”

“आणि परवा ती नव्हतीच!” स्वानंदने आईचा मोबाइल काढला. “मी बुधवारी रात्री क्लबहाउस बंद व्हायच्या आधी मिस्त्रीचा फोटो काढला होता. बघ, प्रवाळ एकदम स्वच्छ!”

सुखदाने तेवढ्यात पाण्याने भरलेला ग्लास आणला, कोपऱ्यातल्या कुंडीतली चिमूटभर माती त्यात सोडली. माती सरळ तळाला गेली. मग पाणी चमच्याने ढवळून पुन्हा सोडली. माती गरागरा फिरत बाजूला गेली.

“पाणी थांबलं होतं!” तिघं एकदम ओरडले.

“म्हणजे पंप बंद होता. गुरुवारी!” आम्रपाली म्हणाली. “गुरुवारची लाइट जाते ना, तेव्हा?”

“आमच्याकडे जनरेटर आहे, बाईसाहेब!” स्वानंद म्हणाला. “आणि गुरुवारी क्लबहाउस बंद असतं. किल्ली फक्त दत्तोबाकाकांकडे!”

काका मुद्दाम मासे मारतील? छे! रंगपंचमीला स्वतःच्या पैशाने जिलबी वाटणारा माणूस तो! पण पुराव्याशिवाय बोलून उपयोग नव्हता. संध्याकाळी सुखदा अगदी गोड चेहरा करून काकांच्या दारात उभी राहिली. “काका, येत्या गुरुवारी आम्ही क्लबहाउस झाडून देऊ?”

“वा वा! गुणाची लेकरं!” काका खूश झाले.

गुरुवारी सकाळी आम्रपालीही बसने आली आणि मुलं काकांकडून किल्ली घेऊन, झाडू घेऊन आत शिरली. पाठोपाठ काका आले. हातात झेंडूचं फूल आणि हळदीकुंकवाची डबी! त्यांनी पंपाला कुंकू लावलं, फूल वाहिलं, हात जोडले आणि खट्! बटण बंद केलं.

स्वानंदच्या हातातला झाडू खाली पडला. “काका! हे काय केलंत?”

“काय म्हंजे? गुरुवार हाय आज, कंपनीच्या सुट्टीचा वार! पस्तीस वर्सं कंपनीत मेंटेनन्सला काढली मी. हप्त्याची सुट्टी दिली न्हाई तर यंत्र रुसतं. म्हैन्यामागं सेक्रेटरी झालो तवापासून एक गुरुवार चुकवला न्हाई. दुपारी चालू करतो की!”

मुलं थक्क झाली. काकांनी काही लपवलं नव्हतं! त्यांच्या लेखी ते सांगण्यासारखंच नव्हतं. स्वानंद भांडायच्या तयारीत होता, पण आम्रपालीने त्याला हळूच चिमटा काढला. काकांशी वाद घालून कुणी जिंकलं नव्हतं. पण कंपनीचा विषय काढला की ते जागचे हलत नसत!

“काका, बसा ना! माझे बाबा चाकणला फाउंड्रीत आहेत. तुमच्या कंपनीत भट्टी होती?”

“व्हती म्हंजे? दोन टनाची!” काका टाकीसमोर खुर्ची ओढून बसले आणि गाडी सुरू झाली. अर्धा तास झाला. आम्रपालीचा जीव वरखाली होत होता. मिस्त्री वाळू चाळतच होता, आणि ती सरळ प्रवाळावर पडत होती. बाकीचे मासे एकेक करून वर येऊ लागले.

आता आम्रपालीने विचारलं, “मग काका, गुरुवारी भट्टीपण बंद करायचात?”

“छ्या! भट्टी कशी बंद करनार? आतलं लोखंड गोठलं तर भट्टीच गेली! साऱ्या कंपनीला सुट्टी आसंल, पन भट्टीपाशी मानूस...”

काका थांबले. आम्रपालीचं बोट टाकीकडे होतं. मासे पाण्याच्या वर तोंडं काढून धापा टाकत होते!

“आरं देवा!” काका खुर्ची पाडूनच धावले. खट्! पंप घरघरला, पाणी फिरू लागलं. बऱ्याच वेळाने मासे खाली उतरले. काका काचेवर हात ठेवून उभे होते. “चार जीव घेतले मी. आन् बोललो त्या पोरीला!” त्यांचे डोळे भरून आले होते.

रविवारी मीटिंगला हॉल गच्च भरला. साक्षीताई मागे भिंतीला टेकून उभी होती. आम्रपालीने तिला काहीच सांगितलं नव्हतं, काकांनीच तशी गळ घातली होती. ते उठले. “टाकीचा इषय मीच मांडनार व्हतो. मांडतो. मासे साक्षीनं न्हाई मारले. मी मारले!”

काकांनी सगळं सांगितलं, कुंकवापासून भट्टीपर्यंत. “पस्तीस वर्सं भट्टी राखली, पन ही भट्टी मला तीन पोरांनी दाखवली!”

हशा आणि टाळ्या एकदमच उसळल्या. अध्यक्ष नीलिमाकाकूंनी तिघांना पुढे बोलावून पाठ थोपटली. “आम्ही मोठ्यांनी आधीच साक्षीला दोषी ठरवून टाकलं होतं. तुम्ही आधी नीट बघितलंत. शाबास! टाकी राहणार, आणि साक्षीच तिची देखभाल करणार. कुणाची हरकत?”

एकाचीही नव्हती! काका मात्र खुर्च्यांमधून वाट काढत मागे गेले आणि साक्षीताईसमोर हात जोडून उभे राहिले. “चुकलो पोरी. माफ कर.”

ताईने घाईघाईने त्यांचे हात धरले. महिनाभर सगळं मुकाट्याने सोसलेली ताई सगळ्यांसमोर हमसून हमसून रडू लागली.

आम्रपाली धावत जाऊन तिला बिलगली. “अगं रडतेस काय, ताई? जिंकलो आपण!”