शामकलेचा चौथा फोटो

शामकलेने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो उलटा होता. डोकं खाली, पाय वर, आणि तशाच अवस्थेत तो तिच्यावर ओरडत होता.

तिचा गुन्हा एवढाच, की आमगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दंडारीचं नाटक बघायचं सोडून ती फोटोवाल्याच्या तंबूत शिरली होती. तिपाईवर लाकडी पेटी, पेटीमागे काळं कापड. फोटोवाला समोरच्या मिशाळ गृहस्थाची टोपी सरळ करायला गेला आणि हिने कापडात डोकं घातलं. आत काचेवर सगळं जग उलटं टांगलेलं! गृहस्थ उलटा, त्याच्या मिशा उलट्या, आणि हात हलवत परत येणारा तो फोटोवाला पोरगाही उलटा.

“अवो बाई, निघा ना बाहेर! कायले घुसल्या तिथी?”

शामकलेने डोकं बाहेर काढलं. पोरगा आता सरळ झाला होता. विशी-बाविशीचा, कपाळावर घाम, बोटांना कसलेतरी काळे डाग… आणि डोळे मात्र रागावलेल्या माणसाचे अजिबात नव्हते.

“तुमी उलटे काऊन दिसून राहिले जी?”

“यात सगळेच उलटे दिसतेत. तुमी दिसल्या असत्या तर तुमीही.”

“मी? मी सरळ आहे.”

“हाव,” तो म्हणाला, “ते आत्ताच दिसलं.”

शामकला हसणार होती, पण तेवढ्यात मागून वडील आले. केशोराव तुरकर म्हणजे गावातलं मोठं शेत आणि त्याहून मोठा आवाज. सोबत धुरपता आत्या. ते इथे आले होते ते शामकलेच्याच फोटोसाठी. तिरोड्याचं एक स्थळ आलं होतं. मुलगा नागपूरला वकिली शिकत होता आणि त्याचं म्हणणं, आधी फोटो पाठवा, मग बघायला येतो. केशोरावांना ते फॅड वाटलं, पण स्थळ तोलामोलाचं. संक्रांतीच्या आत फोटो धाडायचा, असं ठरलं होतं.

भोजराज पटले, म्हणजे आपला फोटोवाला, नागपुरात सहा महिने एका स्टुडिओत राबून नुकताच परतला होता. देवरीकडे बापाची शेती होती. बापाने निक्षून सांगितलं होतं, हा एक हंगाम तुझा, नाव झालं तर ठीक. नाही झालं तर पेटी माळ्यावर आणि नांगर हातात. म्हणून तो इथे मामाच्या, ग्यानीरामांच्या घरी येऊन राहिला होता, आणि ग्यानीरामांचं घर केशोरावांच्या घराला लागूनच होतं. मामाच्या धानाच्या कोठीत लाल कंदील लावून तो फोटोच्या काचा रसायनात धूत असे.

भर दुपारी, डोक्यावर ऊन असताना, त्याने शामकलेला तंबूबाहेर उभं केलं. मागे पडदा, पडद्यावर राजवाडा आणि समुद्र. चेहऱ्यावर बचकभर पावडर. “श्वास रोखा! हलू नका!”

चार दिवसांनी फोटो घरी आला.

शामकलेने पाहिला आणि तोंड वाकडं केलं. “घान आला.”

भोजराजचा चेहरा उतरला. “कॅमेरा विलायती आहे. त्यात दोष नाही निघत. दोष असला तर…”

“तर माह्या तोंडात, असं म्हनून राहिले का?”

आत्याने पदर तोंडाला लावला. फोटोतली मुलगी डोळे मिटून, नाकाखाली काळ्या सावलीची मिशी घेऊन, समुद्राकाठी फाशीची वाट बघत उभी होती. केशोरावांनी फोटो उलटसुलट करून पाहिला आणि निकाल दिला: पुन्हा काढायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी शामकला ओसरीवर नवे तांदूळ निवडत बसली होती. खळ्यावर मळणी चालू होती, सगळ्या गावाला नव्या धानाचा वास येत होता. भोजराज कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

“काल मी चुकलो,” तो म्हणाला. मग जरा थांबून, “पण तुमीही चुकल्या.”

“मी? कशी?”

“घान म्हनलं की मानूस घरी जाऊन रडते, दुसरं काय करनार? काय घान, कुठी घान, ते सांगा. मी दुरुस्त करतो. आणि एखादी गोष्ट बरी असली तर तीही सांगा, जीव राहते मानसाचा.”

शामकला विचारात पडली. कोणी तिला आजवर असं म्हटलं नव्हतं. तिच्या जिभेला घरात सगळे धार म्हणायचे. ती धार कुठे लावायची, हे सांगणारा हा पहिलाच.

“बरी गोष्ट…” तिने बराच वेळ आठवून पाहिलं. “पडदा सरळ टांगला होता.”

“बस?”

“बस. आता दोष आयका. भर उन्हात उभं काऊन केलं? हे पाहा, मी तांदूळ निवडून राहिले. उन्हात बसली तर डोळे दिपतेत, खडा दिसत नाही. म्हनून मी ओसरीत बसतो, उजेड बाजूनं येऊ देतो. तिरपा उजेड पडला की खडा आपोआप सावली टाकते, तांदूळ वेगळा, खडा वेगळा. चेहऱ्याचंही तसंच असन ना?”

भोजराज कुंपण ओलांडून आत आला. सुपातल्या तांदळाकडे पाहिलं. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, एका गालावर उजेड, दुसऱ्यावर मऊ सावली, आणि तो जरा जास्तच वेळ पाहत राहिला.

“खडे पाहा ना,” शामकला म्हणाली.

“पाहून राहिलो,” तो म्हणाला; पण खोटं बोलला.

त्या दिवसापासून त्याची तंबूतली कसरत बंद झाली आणि ओसरीची शाळा सुरू झाली. राजवाडा आणि समुद्र गुंडाळून ठेवला गेला. रोज एखादा छापलेला फोटो घेऊन तो कुंपणापाशी यायचा. आत्या खांबाला टेकून सुपारी कातरायची आणि शामकला दोष काढायची. याचे पाय कापले. हा कलला, घर पडून राहिलं असं वाटते. या आजीले पावडर कायले, तिच्या सुरकुत्याच तर चांगल्या आहेत. पहिल्या पहिल्यांदा तो दोनच वाक्यं ऐकून भांडायला उठायचा. मग हळूहळू ऐकायला शिकला. ऐकायचा, मान हलवायचा, आणि दुसऱ्या दिवशी तीच चूक सुधारून आणायचा. हे पाहून शामकलेला काय वाटायचं ते तिलाच सांगता आलं नसतं. आपण बोललो आणि कोणीतरी ते खरंच कानात घेतलं, याचं सुख केवढं असतं, ते ज्याला ऐकणारं माणूस मिळालंय त्यालाच ठाऊक!

शामकलेचा दुसरा फोटो उजेडाला चांगला आला, पण मुलगी खुंटा ठोकल्यासारखी ताठ. “श्वास रोखा म्हनू नका,” तिने सांगितलं. “श्वास रोखला की मानूस मेल्यासारखंच दिसन ना.”

एकदा तिने हट्ट करून त्याचाच फोटो काढला. काच धुऊन फोटो छापून आणला तेव्हा भोजराजने तो दोन्ही हातांनी तिच्यासमोर धरली.

“बरी गोष्ट आधी सांगतो. वहाना भल्ल्या सुंदर आल्या.”

“आणि दोष?”

“मुंडकं नाही.”

आत्या इतकी हसली की सुपारी सांडली. शामकलाही हसली, पण त्या रात्री अंथरुणावर तिला तो बिनमुंडक्याचा फोटो आठवला आणि हसू आलं नाही. तो फोटो तिने आपल्या पेटीत लुगड्यांखाली ठेवला होता. बिनमुंडक्याचा असला तरी ठेवला होता… मग तिला कळलं. ती स्वतःच त्या पोराला शिकवत होती, फोटो चांगला कसा काढायचा. आणि चांगला फोटो निघाला की तो तिरोड्याला जाणार होता. आपल्याच हाताने आपण आपली पाठवणी करतोय!

संक्रांत पाच दिवसांवर आली. तिसरा फोटो घेऊन भोजराज आला तो खाली मान घालून.

“बिघडला. पुन्हा.”

शामकलेने फोटो हातात घेतला. तिचा चेहरा धुक्यात बुडालेला. पण मागच्या भिंतीवर टांगलेल्या सुपाची काडी न् काडी मोजून घ्यावी इतकी स्वच्छ.

तिने त्या सुपावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, “ही चूक तुमची नाही.”

“माहीच आहे ना.”

“तुमच्या चुका मले पाठ आहेत जी. तुमी पाय कापता, कॅमेरा डावीकडं कलवता, घाई झाली की बोटाचा डाग पाडता. पन तुमी कधी भिंत पाहून चेहरा सोडला नाही. हे तुमी मुद्दाम केलं.”

भोजराजचे कान लाल झाले. आत्या नेमकी त्याच वेळी पाणी आणायला आत गेली. आत्या काही आंधळी नव्हती.

“काऊन केलं?”

“चांगला काढला तर… तिरोड्याले जाईन.”

“फोटो?”

“तुमी,” तो म्हणाला. “तुमी गेल्यावर मले गमनार नाही. कोनाले दाखवू मी फोटो? कोन सांगन मले, कुठी चुकलो ते? बाकी सगळे छान छान म्हनतेत. मले छान नाही पायजे. मले… तुमी पायजे.”

अंगणातल्या कडुनिंबावर कोणतंसं पाखरू ओरडत होतं. शामकलेला वाटलं, आपल्या छातीतला आवाज त्यालाही ऐकू जात असेल. तिला गोड वाटलं, रडू आलं, आणि त्यातच रागही आला.

“असा फोटो दाखवला तर बाबा म्हनतीन, याले येत नाही. गावभर बोंब होईन. तुमी जाऊन नांगर धरान. मी काय त्यासाठी शिकवलं?” तिने डोळे पुसले. “खोट्या फोटोच्या आड मी नाही लपत. खरा काढा. मग जे होईन ते होईन.”

आणि त्याच तिरप्या उजेडात तिचा चौथा फोटो निघाला. भोजराजने कापडात डोकं घालून नेम धरला, काच सरकवली, आणि मग त्या पेटीच्या रीतीप्रमाणे बाजूला उभं राहून भिंगावरचं झाकण काढलं. “भिंगाकडं पाहा,” तो म्हणाला. “श्वास घ्या. एक… दोन… तीन…” शामकलेने भिंगाकडे पाहायचं होतं. तिने फक्त तीन आकड्यांपुरती नजर हलवली. पण काचेला तेवढं पुरतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी केशोरावांनी तो फोटो उजेडात धरला. भोजराज समोर उभा, ग्यानीराम मामा बाजूला, शामकला दाराच्या चौकटीला धरून. केशोरावांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

“बरा नाही आला का, काका?” भोजराजने विचारलं.

“आला. हिची माय असती तर छातीशी धरून रडली असती, असा आला.” त्यांनी फोटो खाली घेतला. “पन हा तिरोड्याले धाडता येत नाही.”

“काऊन?” मामांनी विचारलं.

केशोरावांनी फोटो त्यांच्या हातात दिला. “पोरगी कोनाकडं तरी पाहून राहिली. फोटोत मानूस नाही, पन तो आहे हे आंधळ्यालेही दिसते.” मग त्यांनी भोजराजकडे वळून विचारलं, “फोटो काढताना तू कुठी उभा होता रे?”

“कॅमेऱ्याच्या… बाजूले.”

“बाजूले कायले? मांगं काऊन नाही?”

“झाकन काढा लागते, काका. बाजूनंच काढा लागते.”

“हं,” केशोराव म्हणाले. त्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा दाराकडे. दारातल्या मुलीने मान खाली घातली नाही. ती घालणारी नव्हतीच. “ग्यानीराम, तुमी मामा ना याचे? मग बोलत काऊन नाही? मुलीकडचा काय मीच आधी तोंड उघडू?”

मामांना आधी समजलंच नाही. समजलं तसे ते टोपी सावरत पुढे सरसावले आणि रीतसर मागणी घालताना तीनदा अडखळले. आत आत्या गूळ फोडायला लागली. तिरोड्याला निरोप गेला, मुलीची सोयरीक जमली, कळावे.

संध्याकाळी कुंपणापाशी भोजराज फोटो घेऊन उभा होता. “हा दोष राहिला पाहा,” तो हळूच म्हणाला. “डोळे भिंगाकडं नाहीत. पुन्हा काढू का?”

शामकलेने फोटो हातात घेतला. बोलायच्या आधी नेहमीसारखी भुवई वर गेली, पण या खेपेला तिने दोष काढला नाही.

“नोको,” ती म्हणाली. “असाच राहू द्या.”