कोरड्या घळीतला हंसराज

हंसराज या नेच्याच्या मुळाचा बोटभर जिवंत तुकडा आणायचा, एवढ्याच कामासाठी ती तिघं चुनखडीच्या त्या अरुंद घळीत उतरली होती. थोरली शहरातल्या बागेच्या काचघरात नेचे सांभाळायची. धाकटी, तिची बहीण, उंच इमारतींच्या काचा दोरावर लटकून पुसायची, त्यामुळे दोराची जबाबदारी तिची. आणि थोरलीचा नवरा, धाकटीचे भावजी, 'घरी एकटा बसून काय करू' म्हणत सामान उचलायला आले होते.

उन्हाळ्यात काचघरातला पाण्याचा फवारा सुट्टीच्या दिवशी बंद पडला आणि कुणाला पत्ताच लागला नाही. बाकीच्या झाडांनी माना टाकल्या, पाणी मिळाल्यावर पुन्हा उचलल्या. हंसराजाचं तसं नव्हतं. केसासारखे काळे, चकचकीत देठ तसेच उभे राहिले आणि त्यांच्यावरची पंख्याच्या आकाराची नाजूक पानं कुरकुरीत होऊन गळाली. थोरलीने देठ तळाशी कापले, मुळं ओली ठेवली, वाट पाहिली. एरवी असा कापलेला हंसराज पुन्हा फुटतो. हा फुटला नाही. झालरीसारख्या कातरलेल्या पानांची ही जात याच घळीतून आलेली होती, आणि घळीच्या माथ्यावरचा ओढा आता बोगद्यातून दुसरीकडे वळवला होता. उशीर केला तर इथलाही जाईल, म्हणून थोरलीने रजा टाकली होती.

पहिलाच दणका कड्यावर बसला. सामान खाली सोडताना पाण्याचा कॅन कपारीवर आपटून फुटला. उरली एक बाटली. परत वर चढायचं तर भर उन्हातला कडा, आणि घळीच्या खालच्या तोंडाने बाहेर पडायचं तर दिवसभराची चाल.

"हंसराज असेल तिथे पाणी असणारच," थोरली म्हणाली, आणि तिघं खाली चालू लागली.

दुपारी हंसराज सापडला. भिंतभर होता, आणि भिंतभर मेलेला. थोरलीने एक मूळ नखाने खरवडलं. बोटांवर नुसता भुगा आला. ती तिथेच खाली बसली. गुडघे दुखत होते, डोळ्यांत चुन्याची धूळ गेली होती, आणि रडायलाही अंगात त्राण नव्हतं.

"मी जरा टेकतो," भावजी म्हणाले. त्यांचे शब्द जड येत होते. बाटली कधीच रिकामी झाली होती. धाकटीने त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ तापलं होतं आणि पूर्ण कोरडं होतं.

"ताई, तो हंसराज राहू दे आता. पाणी शोधू."

"दोन्ही एकच आहे गं." थोरली भिंतीला धरून उठली. "त्याला ऊन नको, वारा नको. चुना चालतो, पण पाझर बारा महिने हवा. अशी जागा शोध, म्हणजे पाणी मिळेल."

भावजींना सावलीत निजवून, ओढणीने वारा घालायला थोरली थांबली, आणि तिथूनच मान वर करून एकेक कपार न्याहाळू लागली. ही कपार उन्हाची. ती वाऱ्याच्या तोंडावर. मग वळणाजवळ एक चीर दिसली. तिच्या तोंडाशी चुना वितळलेल्या मेणासारखा पुटं धरून ओघळला होता. खालची पुटं पांढरी, कोरडी. अगदी वरचं काळपट.

"ते बघ," ती म्हणाली. "तिथे जाशील?"

धाकटीने दोर कमरेला बांधला, दुसरं टोक थोरलीने खडकाला वेढा देऊन हातात धरलं. धाकटी चढू लागली. पुटं ठिसूळ होती. एक पाय टेकला. दुसरा टेकला. आणि पायाखालचा अख्खा थर सुटला! धाकटी घसरली! दोर थोरलीच्या तळहातातून सरकन धावला, कातडी सोलत गेला. तिने सोडला नाही! खडकाला पाय लावून ती मागे रेलली, आणि दोर ताणून थांबला. धाकटी हवेत लोंबकळत होती.

"धरलंय," थोरली धापा टाकत म्हणाली. "सावकाश घे."

बऱ्याच वेळाने वरून आवाज आला. "ताई, ओलं आहे."

"आणि पानं?"

"हिरवी. एकच जुडगा आहे, पण हिरवा."

पाझर थेंबाथेंबाने पडत होता. पानांवरून पाणी मण्यांसारखं घरंगळत होतं, पान मात्र भिजत नव्हतं. बाटली निम्मी भरायलाही जीव मेटाकुटीला आला. भावजींना घोट घोट पाजलं, ओलं फडकं मानेवर ठेवलं. सावल्या लांबल्यावर त्यांनी डोळे नीट उघडले.

"चुन्याची चव आहे याला," ते म्हणाले.

"घरच्या नळालाही आहे," थोरली म्हणाली. "इतकी वर्षं बोलला नाहीत ते."

मग सोललेल्या हातांना फडकं गुंडाळून, धाकटीच्या आधाराने थोरली स्वतः वर गेली. चाकू काढला. मुळाला हलकंसं ओढून पाहिलं, तर स्पंजासारखा मऊ चुना त्याच्यासकट हलला. त्या मुळांनीच तो थर धरून ठेवला होता. तुकडा काढायला गेलं तर सगळाच खाली येणार. तिने चाकू मिटला.

"एवढं करून रिकाम्या हाताने?" खालून धाकटीचा आवाज चढला. "मरता मरता वाचले मी, ताई."

"माहीत आहे मला." थोरलीने एक पान उलटं केलं. कडा आत दुमडल्या होत्या आणि त्या दुमडीखाली तपकिरी बीजाणू पिकले होते. तिने दोन पानं कापून कागदात घडी घातली. "यातून रुजवून बघते. वर्ष जाईल, कदाचित दोन. नाहीही रुजणार."

"दोन वर्षांनी तू निवृत्त झालेली असशील."

"हो," थोरली म्हणाली, आणि खाली उतरायला लागली.

रात्र त्यांनी पाझराखालीच काढली. दुसऱ्या दिवशी भरलेल्या बाटलीवर, भावजींना दोन्हीकडून धरत, बसत उठत ती तिघं घळीबाहेर पडली. रस्त्याच्या कडेला गाडीची वाट पाहत तिघं ओळीने बसली. भावजींचा तेवढ्यात डोळा लागला.

"मला शिकव," धाकटी समोर बघत म्हणाली. "ते रुजवायचं कसं, ते. तुझ्यानंतर कुणीतरी बघायला हवं ना."

थोरलीने कागदाची घडी काढून बहिणीच्या मांडीवर ठेवली.

"घट्ट धरू नकोस," ती म्हणाली, आणि डोळे मिटले.