आपला दगड आपणच उचलायचा

त्या हिवाळ्यात आम्हाला एकच गोष्ट करायची होती. दूर दक्षिणेतल्या ला व्हेंताना गावच्या किनाऱ्यावरून विंडसर्फिंगच्या फळीवर उभं राहायचं, समोरच्या सेराल्वो बेटाच्या वाळूला पाय लावायचा आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं. होडी नाही, इंजिन नाही, फक्त शीड आणि वारा! कुणीतरी सांगितलं, तिथले मच्छीमार म्हणतात, असं तिकडे फक्त पेलिकन पक्षी जातात. एवढं ऐकलं मात्र, ते बेट माझ्या मेव्हण्याच्या डोक्यात जे शिरलं ते निघेचना.

मेव्हणा म्हणजे मेरिट. अंगानं रेडा, स्वभावानं गाय. त्याची बायको नोरीन, माझी थोरली बहीण. मोहिमेची आखणी तिच्या स्वयंपाकघरात झाली. बाहेर आमच्या हूड रिव्हर गावातला नोव्हेंबरचा पाऊस चालू होता, टेबलावर नकाशा पसरलेला होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांवर कॉफीचे चार कप. आम्ही तिघंही तेव्हा कडकेच होतो. सफरचंदांचा हंगाम संपला की आमची कामंही संपायची. म्हणून तर हिवाळाभर तिकडे जाऊन राहायचं!

"मोटेलबिटेल विसरा," नोरीन म्हणाली. "व्हॅनमध्ये झोपायचं."

"आणि खायचं काय?" मी विचारलं.

"राजमा."

"रोज?"

"छे! रविवारी राजमा-भात."

मेरिट हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. तो नोरीनच्या कुठल्याही विनोदावर असाच हसायचा. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी! मला तेव्हा त्याचा राग यायचा. आता ते हसू कानावर पडावं म्हणून मी काय वाटेल ते देईन.

शिडं नोरीननंच आणली. हंगाम संपताना दुकानदाराकडे तीन शिडं उरली होती, तिन्ही एकाच छापाची, पिवळीधमक, मधे जांभळा पट्टा. रंग इतका भडक की कुणी घेत नव्हतं. तिनं घासाघीस करून तिन्ही उचलली.

"पाण्यात आपण तिघं सारखेच दिसू की गं," मेरिट म्हणाला.

"तुझं पोट बघून ओळखू," नोरीन म्हणाली. "आणि नीट ऐक. नवीन आहे ते. फाडलंस किंवा हरवलंस तर घरी यायचं नाही."

शीड लावतात ती काठी आणि पायाखालची फळी यांच्यामध्ये एक रबरी सांधा असतो. मेरिटच्या सांध्याला बारीक चीर गेलेली मी पाहिली आणि त्याला दाखवली. त्यानं अंगठ्यानं दाबून बघितलं आणि म्हणाला, "अजून दोन हिवाळे सहज जातील." चमडी जाए पर दमडी न जाए, असं ते दोघंही! मीही तो विषय सोडून दिला.

चार दिवस आम्ही दक्षिणेकडे जात राहिलो. व्हॅनचं पाणी उकळायचं, की आम्ही थांबायचो, झाकण उघडायचो, कुणाच्या तरी अंगणातल्या पिंपातलं पाणी मागून ओतायचो. रस्त्यात गाई बसलेल्या असत आणि त्यांना उठायची घाई नसे. निवडुंगांच्या रांगा संपत नव्हत्या. पाचव्या दिवशी दुपारी शेवटची चढण संपली आणि खाली तो उपसागर दिसला. निळा, पांढऱ्या लाटांनी भरलेला, आणि पलीकडे तपकिरी, उघडंबोडकं सेराल्वो. मेरिटनं व्हॅन थांबवली. मग नोरीन म्हणाली, "चला, राजमा भिजत घालायचाय."

किनाऱ्यावर आम्ही तळ टाकला तो मच्छीमार डॉन बेनिग्नोच्या घरासमोर. त्याची इंजिनाची पांगा होडी होती आणि वाऱ्याशी जन्माचं वैर. हिवाळ्यातला उत्तरेचा नोर्ते वारा सुटला की मच्छीमारांची जाळी किनाऱ्यावर पडून राहत आणि आम्ही मात्र आनंदानं उड्या मारायचो.

"आमच्या घरी चूल पेटत नाही आणि हे बघा, नाचतायत!" तो म्हणायचा. "देवा, एकदा तरी या वेड्यांचं ऐकू नकोस रे!"

त्याची बायको डोन्या उबाल्दा तिथली खरी कारभारीण. घरापुढे एक जुनी होडी पालथी पडलेली होती. पाण्यात जाणाऱ्या प्रत्येकानं तिच्या पाठीवर आपला रंगवलेला दगड ठेवायचा आणि परत आला की उचलायचा. तिच्या सासूच्या काळापासून मच्छीमारांची ही रीत होती आणि पुढे तळावरच्या आम्हा वाऱ्यावरच्यांनाही तिनं ती लावली. दुपारी दोनला ती दारात येऊन बघायची. ज्याचा दगड राहिला असेल त्याला शोधायला डॉन बेनिग्नो होडी काढायचा. नियम एकच: आपला दगड आपणच उचलायचा. दुसऱ्याच्या दगडाला हात लावायचा नाही. मेरिटचा दगड हिरवा होता, त्यावर पांढऱ्या रंगात काढलेला, ओळखू न येणारा मासा.

बाराव्या दिवशी नोर्ते हवा तसा सुटला. सकाळी अकराला मी आणि मेरिटनं दगड ठेवले आणि निघालो. नोरीनचा गुडघा दुखावला होता, ती काठाकाठानंच फळी फिरवणार होती.

पहिले तीन मैल मजेत गेले. मग किनाऱ्याचा आडोसा सुटला आणि लाटा उंच झाल्या! शीड हातातून हिसकावलं जात होतं. लाटेच्या माथ्यावर गेलो की बेट दिसायचं, खाली उतरलो की फक्त पाणी. मेरिट पुढे होता. पिवळं शीड दिसायचं, लपायचं, दिसायचं. मग दिसेनासंच झालं! मी थांबलो, हाका मारल्या. त्या वाऱ्यात माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. चुकामूक झाली तर ज्यानं त्यानं परत फिरायचं, असं ठरलेलं होतं. खरं सांगतो, मला तेव्हा ते निमित्तच मिळालं. मी फार घाबरलो होतो.

दोनला थोडा वेळ असताना किनाऱ्याला लागलो. आणि बघतो तर व्हॅनशेजारी वाळूत पिवळं शीड, जांभळा पट्टा, अजून ओलं! म्हणजे हा माझ्या आधीच येऊन पसरलाय! मी तिकडे त्याच्या नावानं घसा फोडतोय आणि हा पडलाय व्हॅनमध्ये घोरत! पालथ्या होडीवर त्याचा दगड तसाच. "विसराळू रेडा," मी म्हणालो. उबाल्दाची बोलणी बसायला नकोत म्हणून माझ्या दगडाबरोबर त्याचाही उचलला, दोन्ही खिशात टाकले आणि सावलीत जाऊन आडवा झालो.

जाग आली ती नोरीनच्या आवाजानं. हातात सामानाची पिशवी होती. ती गावात गेली होती.

"मेरिट कुठाय?"

"झोपला असेल व्हॅनमध्ये."

"व्हॅनमध्ये कुणी नाहीये, लाइल."

"अगं, त्याचं शीड तर..." मी बोट दाखवलं.

"ते माझं शीड आहे," ती म्हणाली. "मी येताना होडी बघितली. दगड नव्हता. मला वाटलं, आला."

मी घड्याळ बघितलं. साडेतीन वाजले होते!

डॉन बेनिग्नो बोलण्यात वेळ घालवणारा माणूस नव्हता. नोर्तेत स्वतःच्या पोटासाठी जी होडी तो कधी काढत नसे, ती त्यानं पाण्यात लोटली. नोरीन पुढे जाऊन बसली. तिला नको म्हणायची कुणाची छाती नव्हती.

"दगड कधी उचलला त्यानं?" इंजिन चालू करता करता बेनिग्नोनं विचारलं.

"त्यानं नाही. मी उचलला. दोनच्या आधी."

त्यानं माझ्याकडे एकदा बघितलं. नोरीननंही बघितलं. तिनं एखादी मुस्कटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

"दीड तास," बेनिग्नो म्हणाला. "पुंता अरेना टोकाच्या दीपगृहापुढे वाहून गेला असेल तर पुढे मोकळा समुद्र आहे. दिवस आहे तोवर गाठायला हवा. नाहीतर..." त्यानं होडीला वेग दिला.

होडी उडत होती, आपटत होती. प्रत्येक आपटीला दात वाजत होते! बेनिग्नोनं हिशेब मांडला: एवढा वारा, एवढा वेळ, म्हणजे फळीवर पडून वाहणारा माणूस दीपगृहापाशी असणार. आम्ही सरळ तिकडे गेलो. कुणी नाही! अर्धा मैल पुढे गेलो. कुणी नाही! सूर्य डोंगराला टेकायला आला होता. बेनिग्नोनं छातीवर क्रूस काढला आणि होडीचं नाक मोकळ्या समुद्राकडे वळवलं.

"पुढे गेला," तो म्हणाला. "शीड टाकून नुसत्या फळीवर पडला की माणूस वेगानं वाहतो. सगळे जीव वाचवायला आधी शीडच टाकतात."

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"थांबा! फिरवा होडी! मेरिट शीड टाकणार नाही!"

"का नाही टाकणार?"

"नवीन आहे! ते हरवलं तर घरी यायचं नाही, असं हिनं सांगितलंय त्याला!"

नोरीनच्या तोंडातून हुंदकाही निघाला आणि हसूही. "नाही टाकणार," ती म्हणाली. "मरेल, पण टाकणार नाही."

बेनिग्नो क्षणभर बघत राहिला. पाण्यात पसरलेलं शीड नांगरासारखं ओढून धरतं, हे त्याला सांगावं लागलं नाही. म्हणजे मेरिट अजून मागेच! होडी वळून वाऱ्याच्या विरुद्ध निघाली. लाटा थेट अंगावर! मी डब्यानं पाणी उपसत होतो. नोरीन उभी, दोरी धरून, दुखऱ्या गुडघ्यावर.

"पिवळं!" ती किंचाळली. "ते बघा पिवळं!"

फळीवर पालथा पडून, शिडाची दोरी मनगटाला गुंडाळून, मेरिट आमच्याकडे बघत होता. ओठ निळे पडले होते. रबरी सांधा मधोमध तुटला होता. मी त्याला बखोटीला धरलं, तर त्यानं मान हलवली.

"आधी शीड घ्या," तो म्हणाला.

नोरीननं त्याला वर ओढला, कवेत घेतला आणि रडत रडत शिव्या घातल्या, सगळ्या, एकही न गाळता. परतताना तो थरथरत सांगत होता, सांधा तुटला तेव्हा बेट एवढं जवळ होतं की दगडांवर बसलेले पक्षी मोजता येत होते. "पुढच्या वर्षी जाऊ," तो म्हणाला. "जायचं नाही," नोरीन म्हणाली. आणि त्या बेटावर आम्ही कधीच गेलो नाही.

रात्री मी हिरवा दगड खिशातून काढून त्याच्यापुढे धरला. त्यानं दगड घेतला, पालथ्या होडीच्या पाठीवर ठेवला, आणि लगेच परत उचलला. "झालं," तो म्हणाला. "आता आलो मी."

ला व्हेंतानाला मात्र त्यानंतर एकतीस हिवाळे गेलो. आता त्या उपसागरावर शिडाऐवजी पतंग लावून फळीवर धावणाऱ्या पतंगवाल्यांची गर्दी असते. दोऱ्यांना लटकून पोरं माडाएवढ्या उंच उड्या मारतात. बेनिग्नो नाही, उबाल्दा नाही, पण पालथी होडी आहे, आणि पतंगवालेही तिच्यावर दगड ठेवतात. मेरिट तीन वर्षांपूर्वी गेला, घरी, झोपेत. त्याची राख नोरीननं सेराल्वोच्या वाटेवर पाण्यात सोडली आणि येऊन हिरवा दगड होडीवर ठेवला.

गेल्या हिवाळ्यात संध्याकाळी एक पतंगवाला पोरगा आपला दगड घ्यायला आला. बाकी सगळे उचललेले होते. हिरवा तेवढा उरलेला बघून त्यानं हात पुढे केला.

"ए!" मी ओरडलो. "हात लावू नकोस!"

"कुणीतरी विसरलंय, आजोबा."

माझ्या शेजारी नोरीन राजमा निवडत बसली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"विसरलेला नाहीये," ती म्हणाली. "तो अजून पाण्यात आहे."