आईची गाठ

मिरजेच्या त्या रुग्णालयात डॉक्टरांनी ‘काय होतंय?’ असं विचारणं बंद होऊन तीन वर्षं झाली होती. तो प्रश्न आता निदानक नावाचं यंत्र विचारत असे. रुग्ण काचेच्या छोट्या खोलीत एकटा बसे आणि पडद्याशी वीसेक मिनिटं बोले. निदानक ते ऐकून केसपेपर लिही, रक्ताचे अहवाल आणि स्कॅन त्याच्याशी ताडून पाही, आणि रुग्ण बाहेर येईपर्यंत निष्कर्ष डॉक्टरांच्या टेबलावर पोचलेला असे. तो सहसा चुकत नसे, म्हणून त्याच्यावर शंका घेण्याची सवय कोणाला उरली नव्हती.

डॉ. नसीमा मुजावर मंगळवारी सकाळी एका निष्कर्षापाशी अडखळल्या.

रुग्ण केतकी खराडे, वय एकोणतीस, राहणार तासगाव. द्राक्षबागांवर फवारणीचे ड्रोन उडवते. डाव्या मूत्रपिंडात दोन सेंटिमीटरची गाठ. निष्कर्ष : घराण्यात चालत आलेला, झपाट्याने पसरणारा दुर्मिळ कर्करोग. खात्री सत्त्याण्णव टक्के. सुईने तुकडा काढून तपासू नये, पेशी पसरण्याचा धोका. संपूर्ण मूत्रपिंड काढावे. शस्त्रक्रिया उद्या.

केतकीचं उजवं मूत्रपिंड जन्मापासून लिंबाएवढं, नावापुरतं काम करणारं होतं. डावं काढलं की आठवड्यातून तीनदा डायलिसिस. निदानकाने त्याचीही नोंद केली होती, पुढे एकच शब्द : ‘अपरिहार्य’.

दोन सेंटिमीटरच्या गाठीबद्दल इतकी खात्री? मुजावरांनी केतकीला बोलावून घेतलं. सोबत तिला लहानाची मोठी करणारी इंदुमतीआत्या होती.

“बीपीच्या गोळ्या कधीपासून?”

“दोन वर्षं झाली. आता तीन-तीन घेते, तरी उतरत नाही.”

“पायात गोळे येतात?”

“येतात की. तुम्हाला कसं कळलं?”

रक्तात पोटॅशियम कमी होतं, त्यावरून कळलं होतं. निदानकाने मात्र रक्तदाबापुढे ‘संबंध नाही’ असं लिहिलं होतं. मुजावरांना तो शब्दप्रयोग आवडला नाही. ज्या कर्करोगाचं नाव त्याने घेतलं होतं, त्यात इतका चढा रक्तदाब आणि इतकं कमी पोटॅशियम एकत्र सहसा दिसत नाही.

“आत्याबाई, तुमच्याकडे किंवा हिच्या आजोळी कर्करोग कोणाकोणाला झाला?”

“आता माणसं विचाराया लागली होय?” आत्या म्हणाली. “काल पोरीला त्या काचेत कोंडलं, तवा मला आत सोडलं नाही. कुणाला काय नाही झालं.”

“हिच्या आईला गाठ होती असं लिहिलंय. मामांनाही.”

“मामाला? तो अजून अख्खी कोंबडी एकटा संपवतोय, त्याला काय धाड भरलीया! आणि हिची आई तर चार वर्षांची पोर टाकून गेली. तिचं काय झालं, आम्हाला काय ठावं?” आत्या थांबली आणि भाचीकडे वळली. “तुला गं कुणी सांगितलं?”



रुग्णाचं बोलणं तीस दिवस जपून ठेवत आणि नंतर पुसत. मुजावरांनी केतकीची परवानगी विचारली. तिने आत्याकडे न बघता मान हलवली. कालचं ध्वनिमुद्रण सुरू झालं. आईविषयी सांगा, असं निदानकाने म्हटल्यावर केतकीचा आवाज येत होता : “आईची गाठ पडली चार वर्षांपूर्वी, पुण्यात. मग मामाची पण पडली. घरी कुणाला माहीत नाही.”

मुजावरांनी आवाज बंद केला.

“भेटलीस तू तिला?” आत्याने विचारलं.

“एकदाच. तुला वाईट वाटलं असतं. काल समोर माणूस नव्हता, म्हणून बोलले.”

“चार वर्षं दडवलंस. आणि सांगितलंस कुणाला, तर यंत्राला!”

निदानकाला मराठी शिकवली होती ती लाखो केसपेपरांवरून. केसपेपरात गाठीचा अर्थ एकच असतो. कोण कोणाला भेटलं, हे तिथे कोणी लिहीत नाही.

मुजावरांनी केसपेपरातल्या आई-मामांच्या त्या दोन ओळी खोडल्या आणि निदानकाला पुन्हा कामाला लावलं. सत्त्याण्णवाचे नऊ टक्के झाले. आता पहिल्या क्रमांकावर रेनिनच्या गाठीचं नाव होतं. रेनिन म्हणजे रक्तदाब वाढवणारं, मूत्रपिंडातच तयार होणारं द्रव्य. ते बेसुमार तयार करणारी ही गाठ इतकी विरळा, की मुजावरांनी ती फक्त पुस्तकात पाहिली होती. यंत्राच्या या दुसऱ्या उत्तरावरही त्यांचा विश्वास बसेना. उद्याची शस्त्रक्रिया त्यांनी रद्द केली. जांघेतून बारीक नळी घालून दोन्ही मूत्रपिंडांच्या शिरांमधलं रक्त वेगवेगळं घेतलं. डाव्या बाजूला रेनिन उजवीच्या पाचपट निघालं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी डाव्या मूत्रपिंडाची रोहिणी अठरा मिनिटं चिमट्यात धरली, गाठ आणि तिच्याभोवतीची पातळ कड तेवढी काढली, आणि बाकीचं मूत्रपिंड जागच्या जागी शिवलं. सूक्ष्मदर्शकाखाली रेनिनचीच गाठ दिसली. पाचव्या दिवशी केतकीचा रक्तदाब एकशे अठरा होता, एकही गोळी न घेता.

मुजावरांनी तिला घरी सोडलं आणि जुने केसपेपर उघडले. तीन वर्षांत निदानकाच्या सांगण्यावरून त्यांनी स्वतः अकरा जणांचं संपूर्ण मूत्रपिंड काढलं होतं. अकराही जणांच्या नोंदीत कोणत्या ना कोणत्या नातेवाइकाची गाठ होती. त्यांतल्या चौघांची काढलेली गाठ तपासणीत निरुपद्रवी ठरली होती. तेव्हा वॉर्डात पेढे वाटले गेले. थोडक्यात सुटलात, असं मुजावर स्वतःच म्हणाल्या होत्या. गाठ निरुपद्रवी होती तर मूत्रपिंड का गेलं, हे ना रुग्णांनी विचारलं, ना त्यांनी.

ध्वनिमुद्रणं केव्हाच पुसली गेली होती. राहिले होते फक्त केसपेपर.

त्या चौघांपैकी जतचे भानुदास चौगुले सोमवारी वार्षिक तपासणीला आले. त्यांच्या केसपेपरवर लिहिलं होतं : ‘थोरला भाऊ, गाठ, सोळा वर्षांपूर्वी.’

“बघा मॅडम, वर्षात शिंकसुद्धा नाही आली,” खुर्चीत बसता बसता ते म्हणाले. “तुम्ही होता म्हणून वाचलो.”

मुजावरांनी दार लावून घेतलं.

“चौगुले, तुमच्या थोरल्या भावाला नक्की काय झालं होतं?”

चौगुल्यांचं हसू उतरलं. खुर्चीचा हात धरून ते अर्धवट उठले.

“भावाला? सोळा वर्षं झाली, आमची गाठ नाही. का हो मॅडम, त्याला काय झालंय?”