कायमचं राहण्याचं कारण

खरं तर त्याला नोटरीकडे जायचं होतं. नोटरी पहिल्या मजल्यावर बसतात. हा एक जिना जास्त चढला आणि थेट माझ्या जपानीच्या वर्गात उगवला. फळ्यावरचं वाचून दारातच हसला.

"डोंबिवलीत जपानी! मी चुकून घरी पोचलो की काय?"

घरी म्हणे! तेव्हाच मला ते टोचायला हवं होतं... पण मी त्याच्या गालावरची खळी बघत बसले.

त्याचं नाव सुशांत. ओसाकात नोकरी. तिथल्या कायमच्या वास्तव्यासाठी परत जाऊन स्वतः हजर राहून अर्ज द्यायचा होता; त्याचे कागद जमवायला रजा काढून ठाकुर्लीला आईकडे आला होता. मी भाषांतरं करते म्हटल्यावर त्याने लगेच जन्मदाखला पुढे केला.

"तुमचा जन्म झालाय हे नक्की," मी म्हणाले. "पण नाव?"

नावाच्या जागी नुसती रेघ होती.

"बाबांनी बारशाच्या आधीच नोंद करून टाकलेली," तो कान खाजवत म्हणाला. "आत्या गावाहून यायची होती ना... तिच्याशिवाय नाव कोण ठेवणार? नंतर सगळे विसरले."

"म्हणजे कागदोपत्री तुम्ही अजून पाळण्यातच!"

"मग अहो-जाहो कशाला? पाळण्यातल्या पोराला कोण अहो म्हणतं?"

नाव चढवायचं म्हणजे अर्ज, आईचं प्रतिज्ञापत्र, शाळेचा दाखला... वेळ लागणारच होता. देवाशपथ सांगते, मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. तो रोज संध्याकाळी वर्ग सुटल्यावर यायचा, येताना गरम बटाटेवडे आणायचा आणि त्यातला मोठा मलाच द्यायचा.

वास्तव्याच्या अर्जासोबत एक निवेदन लागतं – तुम्हाला इथे कायमचं का राहायचंय? ते जपानीत लिहायचं काम माझ्याकडे आलं.

"का राहायचंय रे तुला?"

"पगार चांगलाय."

"असं लिहिलं तर दारातूनच परत पाठवतील. मनातलं सांग."

तो खिडकीबाहेर बघत हळूहळू बोलायला लागला... नदीकाठाने सायकलवरून कामाला जाणं, न बोलता दाराशी भाजी ठेवून जाणारी शेजारची आजी, पहिल्या बर्फातली शांतता. "तिथे मी कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ नसतो गं. नुसता मी असतो."

बोलताना त्याचा चेहरा असा काही उजळला, की मला रडूच आलं. मी ते जांभईवर निभावून नेलं.

आणि मग लिहिलं. त्याने सांगितलं त्याहून सुंदर लिहिलं. स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, ते माझ्याकडून शिकावं!

दाखल्यावर नाव आलं. अर्ज देताना तिथले अधिकारी जपानीत प्रश्न विचारणार, म्हणून आम्ही रोज सराव करत होतो; निघायच्या आदल्या दिवशी तो शेवटच्या सरावाला आला. मी अधिकारी झाले, चष्मा नाकावर ओढला आणि करड्या आवाजात विचारलं, "इथे कायमचं का राहायचंय?"

तो एकदाही अडखळला नाही. मास्तरीण म्हणून मला आनंद व्हायला हवा होता.

"पास," मी म्हणाले. "आता तुला कुणी नाही म्हणणार नाही."

त्याने कागद आवरले. दारात बूट घालायला बसला, आणि नाडी काही केल्या त्याला बांधता येईना.

"सुशांत... एक प्रश्न राहिला."

"विचार ना."

जपानीत विचारणार होते, पण मराठीतच निघालं – "मग माझं काय रे?"

त्याने वर पाहिलं. डोळे भरले होते.

"थांब म्हण, समीक्षा. आत्ता म्हण. थांबतो मी."

ओठांवर आलं होतं हो! पण ज्याच्यावर माझा जीव जडला, तो त्या नदीकाठचा सुशांत होता. त्याला इथे थांबवून मी कुणाला जवळ ठेवणार होते?

मी खाली बसले. त्याची नाडी बांधून दिली.

"जा," म्हटलं. "आणि तिथे बोलताना माझी आठवण काढू नकोस... अडखळशील."