वहीतली पातळी

थोरल्याचं काम बघायला गेलं तर शाळेतल्या पोरालाही जमावं असं. पाणीपुरवठ्याच्या आवारात जमिनीत खोल उतरवलेली एक लोखंडी नळी, तोंड जेमतेम तीन बोटं रुंद. लांबलचक पोलादी मोजपट्टीला खडू फासायचा, पट्टी नळीत सोडायची, वर ओढायची. खडू जिथपर्यंत भिजला तिथे पाणी. तो आकडा वहीत लिहायचा आणि शेजारच्या रकान्यात, मोजताना कोण हजर होतं ते. बावीस वर्षांत एक आकडा चुकला नव्हता, आणि बावीस वर्षांत कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं.

शाब्बासकी सगळी धाकट्या भावाला. तो इंजिनिअर. पावसाळ्यात जादा होणारं पाणी जमिनीखालच्या वाळूत भरून ठेवायचं आणि उन्हाळ्यात शहराला द्यायचं, ही योजना त्याची. अहो, पण वाळूचा तो थर त्याला दाखवला कुणी? थोरल्यानं! पेपरात फोटो मात्र धाकट्याचा, आणि आईनं तो चौकटीत घालून थेट जेवणाच्या टेबलासमोर टांगलेला. थोरला मान खाली घालून जेवू लागला.

"माझा पण एखादा लाव की," तो एकदा हसत म्हणाला.

"तुझा कशात आलाय?" आईनं सहजच विचारलं. पण लागलं.

दुसऱ्या दिवशी पाणी अठरा मीटर खोल होतं. त्यानं एकोणीस लिहिलं. जळफळाट, दुसरं काय!

पुढच्या सकाळी पट्टी ओढली, तर पाणी एकोणीसवर. पंप तर बंद होते. त्यानं तीनदा मोजलं. मग बावीस लिहून पाहिलं, सकाळी बावीस. आधी घाम फुटला, मग गंमत वाटली, मग चटकच लागली. महिन्याभरात पाणी चाळीस मीटरहून खोल गेलं आणि वरचे लोक योजना गुंडाळायची भाषा बोलू लागले.

एका दुपारी धाकटा स्वतः आला. डोळे खोल गेलेले.

"साहेब म्हणतात, आकड्यांत घोळ आहे. मी म्हटलं, दादा मोजतो, घोळ असूच शकत नाही."

खरं सांगायची हीच वेळ होती. थोरल्यानं पट्टीला खडू फासायला घेतला.

"आज पट्टी मी सोडतो. मी हजर होतो असं लिही. आणि रात्री जेवायला येतोय हं, आई सकाळपासून रांधतेय म्हणे."

सकाळपासून! थोरल्याला तिनं सकाळी कालचंच गरम करून दिलं होतं.

धाकटा नळीवर वाकला. थोरल्यानं वही उघडली आणि रकान्यात लिहिलं, 'मी एकटाच.'

पट्टी सळसळत नळीत गेली. धरणारं कुणी नव्हतं.

आवार मोकळं. फाटकाला आतून कडी. नळीच्या तोंडातून मांजरही गेलं नसतं.

त्यानं हाक मारायला तोंड उघडलं. नाव आठवेना.

लिहिलेलं खोडून त्यानं पेन टेकवलं. पहिलं अक्षरही आठवेना.

नळीत पाणी चढत होतं. अगदी तोंडाशी येऊन थांबलं.

घरी चौकटीत आता थोरल्याचा फोटो होता.

"आलास बाळा?" इतक्या मायेनं आईनं कित्येक वर्षांत विचारलं नव्हतं. "एकुलत्या एकासाठी नाही रांधायचं, तर कुणासाठी?"

तो टेबलाशी बसला. आईनं फळीवरून ताटं काढली. एक, दोन. तिसरं हातात धरून ती थबकली.

"हे कशाला घेतलं मी?" असं म्हणत तिनं ते पुसून परत ठेवलं.